सिनेमातल्या देवाचं पोट

मी एक जुना देव आहे. दचकू नका मित्रांनो, खरा नव्हे, सिनेमातला. लाकडी सांगाडा, त्यावर गोणपाट आणि वर प्लास्टर, एवढंच माझं देवपण.

रंगाऱ्याने मला जीव ओतून घडवलं. चेहरा कुठल्याच धर्माचा वाटू नये म्हणून दिग्दर्शकाने माझं नाक पुन्हा पुन्हा बदलायला लावलं. "हसायचा सिनेमा आहे बाबा, दंगल नको." त्यात एक चोर खून करतो, सुरा माझ्या पोटात लपवतो आणि मलाच हात जोडतो. त्यासाठी माझ्या पाठीला झडप होती. लोक पोट धरधरून हसले. मग मला स्टुडिओच्या गोदामात, मोडक्या खुर्च्यांमागे ढकललं.

तिथे पहारेकऱ्याच्या बायकोने मला पुसून उभं केलं, दिवा लावला. नवरा हसायचा, "अगं, प्लास्टरचा आहे तो!"

"असू दे. तुमच्यापेक्षा ऐकून तरी घेतो."

एका दुपारी मॅनेजर आला. त्याचं पिवळं जाकीट सगळा स्टुडिओ ओळखतो. चोरलेली महागडी लेन्स त्याने त्याच जाकिटात गुंडाळून माझ्या पोटात कोंबली, झडप लिंपून टाकली. आणि जाताना त्या निर्लज्जाने मला नमस्कार केला! सिनेमातून शिकला तो एवढंच.

आळ आला पहारेकऱ्यावर. हवालदाराने माझ्यावर काठी आपटली. "पोकळ वाजतोय. फोडू का?"

बायको आडवी पडली. "आधी मला फोडा! माझ्या माणसाला तोच सोडवणार आहे!"

हवालदाराने जीभ चावली. मागून मॅनेजर गंभीरपणे म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे. श्रद्धेला हात लावू नये."

पहारेकरी तुरुंगात गेला. ती रोज येते. "तुला सगळं ठाऊक आहे ना? मग बोल की रे!" ठाऊक आहे, बाई. पण माझं तोंड रंगवलेलं आहे.

काल माझ्या पाठीला तडा गेला. बोटभर आणखी फाकला असता, तर आतलं पिवळं दिसलं असतं. तिने तडा पाहिला, हळहळली, प्लास्टर कालवलं आणि स्वतःच्या हाताने बुजवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला शिकवतात. मला जपू नका. तिचा नवरा परत यायला हवा असेल, तर हातोडा घेऊन या. ती आडवी पडेल. तिला हळूच बाजूला बसवा, आणि मला फोडा.