भरावाखालचं भात

हेमाली काल्हेरला घरीच मेणबत्त्या बनवून ऑनलाइन विकायची. त्यांचे फोटो तिची मैत्रीण भाग्यश्री आजवर हेमालीच्या फ्लॅटच्या गॅलरीतच काढत आली होती. या वेळी मात्र हेमालीला हॅलोविनसाठी काहीतरी वेगळं हवं होतं.

"प्लास्टिकची वटवाघळं नकोत गं, ती सगळेच लावतात," ती म्हणाली. "बघणाऱ्याला खरंच जरा कसंसं झालं पाहिजे."

भाग्यश्रीला तिच्या चांगदेवकाकांचं पूर्णा गावातलं गोदाम आठवलं. भाडेकरू नुकताच सोडून गेला होता. काकांनी काही न विचारता चावी दिली आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसले.

युक्ती तशी सोपी होती. भरदुपारी शटर ओढून आत अंधार करायचा आणि कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा. मेणबत्त्या हलत नाहीत, त्या स्पष्ट येतात. त्यांच्यामागे कोणी थोडा वेळ उभं राहून बाजूला झालं, की ते माणूस धुरासारखं आरपार उमटतं. यंत्रमागावरून आणलेला कोरा कपडा हेमालीने स्वतःच डोक्यावरून घेतला.

पहिल्याच फोटोत ती हवी तशी आली. पण तिच्या मागे, लांब भिंतीपाशी, अजून कोणीतरी होतं.

भाग्यश्रीने फोटो मोठा केला. डोक्याला फडकं बांधलेली एक बाई, कंबर सरळ करायला उभी राहिल्यासारखी. हातात विळा. ती फक्त छातीपासून वर दिसत होती. खाली गुळगुळीत काँक्रीट होतं, आणि बाई त्यातूनच वर आली होती.

"हे कसं केलंस? मस्त आलंय," हेमाली म्हणाली.

भाग्यश्रीने पुन्हा फोटो काढला. त्यात बाई नव्हती. त्याच्या पुढच्यात होती, पण बरीच अलीकडे. वाकायची, कापायची, उभी राहायची, असं करत ती त्यांच्याच दिशेने येत होती. गोदामात ओल्या पेंढ्याचा वास सुटला होता. चेहरा आता ओळखू येत होता.

पुतळाबाईकाकी, चांगदेवकाकांची बायको.

गोदाम बांधायचं ठरलं तेव्हा शेतात भात कापणीला आलेलं होतं. काकी म्हणाली होती, कापणी होऊ द्या, मग काय ते करा. पण ट्रक लागतील एवढी उंच जमीन करायची घाई होती. डंपर आले आणि उभ्या पिकावर छातीइतका मातीचा भराव पडला. काकी पिकात उभी राहिली, तेव्हा काकांनीच तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. पुढची कापणी यायच्या आत ती वारली.

भाग्यश्रीने शटर वर केलं आणि कॅमेरा काकांच्या हातात दिला. काकांनी बराच वेळ पाहिलं. मग चपला काढल्या.

"मी ऱ्हातो उभा. काढ," ते म्हणाले.

"काका, नको."

"काढ, पोरी."

शटर पुन्हा खाली आलं. काका भिंतीकडे जाऊन उभे राहिले, अगदी निश्चल. भाग्यश्रीला समोर ते एकटेच दिसत होते, डोक्यापासून पायापर्यंत. फोटोत मात्र दोघं होती. काकासुद्धा छातीपासून वरच उरले होते. काकीचा हात पुढे होता, आणि विळ्याची मूठ काकांकडे.

काकांनी फोटो बघायला मागितला नाही. "तुमी जावा आता. माझं काम हाय," एवढंच म्हणाले आणि त्यांनी आतून शटर ओढून घेतलं.

हेमालीला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, तरी ती निघाली नाही. दोघी बंद शटरपाशी उभ्या राहिल्या. समोरून कंटेनर जात होते, त्यांचा आवाज ओसरला की आतून विळा चालल्यासारखं खस्स, खस्स ऐकू येत होतं.

उन्हं कलली तेव्हा काका बाहेर आले. सदरा घामाने चिंब, तळहातांना फोड.

हेमालीचे फोटो दुसऱ्या दिवशी गॅलरीतच काढले, मेणबत्त्या तरीही बऱ्या विकल्या गेल्या. गोदामाला नवा भाडेकरू आला, त्याला काकांनी दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. ते रोज जेवण उरकून तिकडे जातात. भाग्यश्रीने एकदा भीत भीत विचारलं, अजून किती दिवस.

"पयल्या बांधापरेंत आलोय," काका म्हणाले. "ती काय दमत न्हाय."