माझ्या काचेतला सूर्य

मला जुना टीव्ही म्हणालात तर मी मुळीच रागावणार नाही, मित्रांनो. जुना तर मी आहेच. पण डबा म्हणू नका. आमच्या घरचा मुलगा वृषभ म्हणतो, आणि ते मला लागतं. डब्याला कधी सागवानी दारं असतात का? मला होती. दोन्ही बाजूंना सरकणारी, मधोमध लहानसं कुलूप असलेली. किल्ली त्याच्या आईच्या, चंपाबाईंच्या, कमरेला असायची, म्हणजे माझी किंमत काय होती ते तुम्हीच ओळखा.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत धरणेंद्रआप्पांचं घर आहे. त्यांचं लग्न झालं त्याच साली त्यांनी मला कोल्हापुराहून जीपमध्ये घालून आणलं. वाटेत खड्डा आला की नव्या नवरीचा, चंपाबाईंचा, हात आधी माझ्या खोक्यावर पडायचा. त्या हाताची ऊब मी अजून विसरलेलो नाही.

मग आप्पा गच्चीवर चढले आणि अँटेना फिरवायला लागले.

"आलं का गं?"

"मुंग्या हायत अजून."

"आता?"

"आता कन्नड आलंय. ऱ्हाऊ द्या, चालतंय."

आमच्या भागात हे असंच. अँटेना जरा इकडे वळला की मराठी बातम्या, जरा तिकडे वळला की कन्नड. घरातल्यांना दोन्ही समजायचं, त्यामुळे वारा सुटला तरी माझ्यावर कुणी चिडायचं नाही. रविवारी सिनेमा असला की अख्खी गल्ली आमच्या मधल्या खोलीत मावायची. उंबऱ्यात चपलांचा ढीग पडायचा. चित्र हललं की कुणीतरी उठून माझ्या डोक्यावर एक थाप मारायचं आणि मी शहाण्यासारखा सरळ व्हायचो. ते दिवस आठवले की अजून माझ्या तारा गरम होतात.

पण माझं खरं काम लोकांना ठाऊकच नव्हतं. ते मी बंद असताना चालायचं.

आप्पांचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि सूर्य बुडाला की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात घास घालायचा नाही, हा चंपाबाईंचा लग्नापासूनचा नेम. अडचण अशी की मधली खोली काळोखी. दुपारीसुद्धा तिथे दिवा लावावा लागे. पश्चिमेला उंचावर आडव्या गजांची एकच लहान खिडकी, आणि चंपाबाई वाढायला बसायच्या त्याही खिडकीकडे पाठ करून. मग दिवस किती उरलाय ते कळायचं कसं? तर माझ्याकडे बघून. मी बंद असलो की माझ्या फुगीर काचेत ती खिडकी उमटायची आणि खिडकीत सूर्य. सूर्य वरच्या गजाशी असला की चंपाबाई म्हणायच्या, "घ्या की अजून एक भाकरी, दिवस हाय." खालच्या गजाला टेकला की नुसतं ताक. गजाखाली उतरला की चूळ भरून सगळे उठायचे, आणि मगच माझं कुलूप उघडायचं.

तुम्ही विचाराल, दारं बंद असताना काच कशी दिसायची? मोठे हुशार आहात. दारं उघडीच ठेवून जेवण व्हायचं आणि जेवण झालं की दारं पुसून, बटणं पुसून मला सुरू करायचं. मघाशी कुलूप उघडायचं म्हणालो ते जरा थाटात बोललो. कुलूप फक्त परीक्षेच्या दिवसांत लागायचं.

या घरात वृषभ जन्मला आणि बऱ्याच वर्षांनी श्रद्धा. श्रद्धाचं जेवणात कधीच लक्ष नसायचं. आईच्या मांडीला मांडी लावून ती माझ्या काचेतल्या सूर्याकडे टक लावून बसायची आणि उष्ट्या बोटानं ताटाच्या कडेला त्याचं चित्र काढायची.

"जेव गं, तो काय पळून जातोय?" चंपाबाई म्हणायच्या.

"जातोयच की पळून," श्रद्धा म्हणायची.

पुढे माझं जे झालं ते सगळ्याच टीव्हींचं होतं. भिंतीवर एक पातळ, चकचकीत पोरगा आला. त्याच्या डोक्यावर थाप मारायची सोय नाही की मागे पाठ नाही. मला कोठीच्या खोलीत नेलं आणि माझ्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. दारांच्या फळ्या निघाल्या. मी धुळीत उभा राहिलो आणि आत-बाहेरचं बोलणं ऐकत दिवस काढू लागलो.

श्रद्धा चित्रकला शिकून बेळगावला गेली. तिथे कॅम्प भागात एका लहान स्टुडिओत 'आमचं कडबोळं' नावाची विनोदी कार्टून मालिका तयार होते. एका गावंढळ, भांडखोर, मायाळू कुटुंबाची गोष्ट. ती मोबाईलवर लागते. पात्रांमागची भिंत, भिंतीवरची कॅलेंडरं, फळीवरचे डबे असली मागची चित्रं काढायचं काम श्रद्धाकडे होतं, आणि या पोरीनं त्यात गमती लपवायला सुरुवात केली. दुधाच्या पिशवीवर जुन्या तमाशापटातल्या फेटेवाल्याची मिशी. एसटीच्या पाटीवर एका बाजूला मराठी गाव, दुसऱ्या बाजूला कन्नड. कोपऱ्यातल्या मांजराच्या गळ्यात जुन्या जाहिरातीतली साबणाची वडी. भाग आला की पोरं मोबाईल थांबवून थांबवून गमती शोधत आणि खाली लिहीत बसत. वृषभ ते मोठ्यानं वाचायचा आणि चंपाबाईंचा ऊर भरून यायचा. माझ्या बरण्यांमधून लोणचं काढता काढता त्या एकट्याच हसायच्या.

मग तो जेवणाचा भाग आला.

त्यात सगळं कुटुंब पंगतीला बसलेलं. वाढणारी आई हुबेहूब चंपाबाई. हनुवटीवरचा तीळ, कमरेला खोचलेला पदर, भाकरी मोडायची तऱ्हा, सगळं तेच. डोक्यावर ट्यूब पेटलेली, भिंती निळसर काळ्या. आणि ती आई घास तोंडात घालतेय.

दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्यावर रूपाली नावाच्या शेजारणीनं चारचौघींत विचारलं, "चंपाक्का, आता रातीचं जेवताय व्हय? पोरीनं चित्रात घातलंय."

चंपाबाई घरी आल्या आणि कोठीत येऊन माझ्याशेजारी बसून राहिल्या. आयुष्यभराचा नेम पोटच्या पोरीनं साऱ्या जगासमोर मोडून दाखवला, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी श्रद्धाचा फोन आला. वृषभनं तो आईच्या कानाशी धरला.

"आई, एकदा नीट बघ की गं ते चित्र."

"बघितलंय. साकु," चंपाबाई म्हणाल्या. रागावल्या की त्यांचं कन्नड बाहेर येतं. पुरे, एवढाच त्याचा अर्थ. फोन बंद झाला आणि मायलेकींचं बोलणंही.

वृषभनं बहिणीला पुन्हा फोन लावला. "काय लपवलंयस ते सांगून टाक की. आई जेवताना रडाय लागलीया."

"मी सांगितलं तर तिला वाटंल सारवासारव करतीया," श्रद्धा म्हणाली. "तिनंच बघाय पाहिजे, दादा."

दोघीही हट्टी. एक बेळगावला, एक निपाणीला. दिवाळी आली, श्रद्धा आली नाही. चंपाबाईंनी तिच्या वाटणीचे लाडू डब्यात भरले आणि तो डबा कुणाला हात लावू दिला नाही. मला फार वाईट वाटत होतं, पण मी बोलणार कसा? माझा आवाज तर केव्हाच गेलेला.

बाहेर पोरांचा शोध चालूच होता. त्या भागात मागे एक जुना बंद टीव्ही काढलेला होता आणि त्याच्या काचेत एक पिवळा ठिपका. तो कशाचा, यावर वाद रंगला. कुणी म्हणालं, जुन्या सिनेमातला कंदील. कुणी म्हणालं, लिंबू. एकानं तर छातीठोकपणे लिहिलं, 'अंड्याचा बलक.' हे वृषभनं वाचलं आणि आप्पांनी कानावर हात ठेवले. मी मात्र कान टवकारले. जुना बंद टीव्ही? तो मी तर नव्हे?

थंडीत घराला रंग द्यायचं ठरलं. वृषभनं भंगारवाल्याला बोलावलं, बरण्या खाली उतरवल्या आणि आप्पांच्या मदतीनं मला उचलून मधल्या खोलीत आणलं. दम लागला म्हणून दोघांनी मला टेकवलं ते नेमकं माझ्या जुन्या जागी. भंगारवाला अजून यायचा होता.

चंपाबाई आल्या. "एवढ्या धुळीचा देऊ नको रं, लोक काय म्हणतील," असं पुटपुटत त्यांनी पदरानं माझी काच पुसली. कपाळापासून खालपर्यंत, पूर्वी पुसायच्या तशी. आणि त्यांचा हात थांबला.

माझ्या काचेत खिडकी उमटली होती. खिडकीत, मधल्या गजाशी, सूर्य होता.

चंपाबाईंनी वळून खिडकीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "वृषभ, ती गोष्ट लाव बघू. जेवणाची."

वृषभनं मोबाईलवर चित्र थांबवलं आणि बोटांनी मोठं केलं. पंगत बाजूला सरली, ट्यूब बाजूला सरली. राहिला मागचा टीव्ही, त्याच्या काचेतली गजांची खिडकी आणि पिवळा ठिपका. ठिपका खालच्या गजाच्या चांगला वर होता.

"दिवस हाय की," चंपाबाई म्हणाल्या. त्यांनी ठिपक्याशी बोट नेलं. "दिवस ठेवलाय तिनं."

जगातल्या इतक्या पोरांनी शोधलं, पण ही खूण एकाच बाईसाठी काढलेली होती. ती वाचायला माझ्यासमोर बसून जेवलेलं माणूसच हवं. मला त्या क्षणी भिंतीवरच्या पातळ पोरट्याकडे बघून खूप हसावंसं वाटलं, आणि रडावंसंही.

चंपाबाईंनी स्वतः फोन लावला. पलीकडे श्रद्धा नुसतीच "आई" म्हणाली.

"काय करतीयास?"

"कामावर हाय."

"जेवलीस?"

"न्हाय अजून."

चंपाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सूर्य खाली सरकत होता.

"मग ऊठ आणि दोन घास खा," त्या म्हणाल्या. "दिवस हाय अजून. आणि रविवारी ये. लाडू ठेवल्यात."

भंगारवाला आला तेव्हा आप्पांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. भिंतींना नवा रंग लागला, पण मी मधल्या खोलीतच आहे, खिडकीसमोर. माझ्यात आता चित्र येत नाही, आवाज येत नाही. तरी रोज संध्याकाळी ताटं मांडली की चंपाबाई आधी माझी काच पुसतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात एखादं बंद पडलेलं काही असेल, तर ते देऊन टाकायच्या आधी त्याची धूळ एकदा पुसा आणि त्याच्यासमोर घटकाभर बसा. तुमच्या घरातलं कुणीतरी त्यात अजून दिसत असेल.