ठोक्यावर जायचं नाही

ठोक्याचा घसा बसला, तेव्हा धक्क्यावरच्या लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. ‘चला, आठ दिवस कानांना सुट्टी,’ असं बर्फवाला म्हणाला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घसा बसला होता तोही साडूच्या नावाने शंख करून.

हे भांडण कळायचं तर आधी ठोके कळायला हवेत. धरणाचं पाणी वर चढलं तेव्हा नदीकाठची झाडं जागच्या जागी बुडाली, ती अजून पाण्याखाली उभीच आहेत. मोठा मासा त्या झाडांत दडून बसतो. म्हणून जाळं झाडांच्या बाहेरच्या अंगाला लावायचं, होडी झाडांवर न्यायची आणि दांडक्याने होडीची फळी बडवायची. लाकडाचा आवाज पाण्यात खोल उतरतो, मासा घाबरून बाहेर पळतो आणि जाळ्यात शिरतो. पण ऐन वेळी दुसरी होडी जवळ आली की मासा भलतीकडेच फुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे धक्क्यावर एक नियम आहे. कुणाचे ठोके ऐकू आले, तर तिकडे जायचं नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तर सगळे पाळतात.

ठोक्याने हे काम इतकं केलं होतं, की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच काय ते ठाऊक, आणि तीही ते कधी घेत नसे. माणूस कष्टाळू होता, यात वाद नाही. पण कुणी दिलेला हात विसरायचा आणि मारलेला धक्का मात्र तारीखवार जपून ठेवायचा, असा त्याचा जमाखर्च. साडूचं सगळंच उलटं. साडूने जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. वाईट करायचं तरी आधी उठावं लागतं. दोन बहिणींचे हे दोन नवरे. कधीकाळी दोघांत मिळून एकच होडी होती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे त्यातली एक तलवार सदा झोपलेली, त्यामुळे म्यान जरा जास्त दिवस टिकलं, इतकंच.

आदल्या संध्याकाळी साडूला होडीत डुलकी लागली आणि होडी वाहत वाहत नेमकी ठोक्याच्या ठोक्यांवर गेली. मासा फुटला. काठाला येताच ठोक्याने तोंड सोडलं.

“चोर आहेस तू! डोळे मिटून चोरी करणारा पहिलाच पाहिला!”

“अरे, झोप लागली होती.”

“तुला जाग कधी असते? आणि तुम्ही सगळे ऐका रे! माझे ठोके ऐकू आले की तोंड फिरवायचं. जो जवळ दिसेल त्याचं डोकं वल्ह्याने फोडीन!” हातातला दांडका त्याने इतक्या जोरात फळीवर आपटला, की काठावरची कुत्री उठून गेली.

“पुन्हा तुझ्या ठोक्यावर आलो, तर मला साडू म्हणू नकोस,” साडू म्हणाला.

“आत्ता तरी कोण म्हणतंय?”

यावर सगळे हसले. ठोक्या मात्र अंधार पडेपर्यंत ओरडत होता. शेवटी शेवटी नुसतेच ओठ हलताना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं दाट, की धक्क्याच्या या टोकाला उभं राहिलं तर ते टोक दिसेना. थंडीही सपाटून. कुणीच होडी काढली नव्हती. सगळे मासळी तोलणाऱ्या काटेवाल्याच्या पत्र्याच्या शेडखाली चहा पीत बसले होते. एकटा ठोक्या पहाटेच गेला होता. काल फुटलेला मासा त्याला आज वसूल करायचा होता.

धुक्यातून आवाज आला. टक, टक, टक.

“लागला कामाला,” काटेवाला म्हणाला. “घसा गेला, पण हात शाबूत आहेत.”

ठोक्याची बायको कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत बसली होती. तिने हातातली सुई थांबवली. बराच वेळ ती मान वर करून ऐकत राहिली.

“भावोजी,” ती साडूला म्हणाली, “ठोका फिरत नाहीये.”

“म्हणजे?”

“हे होडी फिरवत ठोकतात. झाडांच्या एका कडेला सुरू, दुसऱ्या कडेला शेवट. आज मघापासून एकाच जागेवरून ऐकू येतंय.”

“धुक्यात आवाज असाच लागतो.”

“आणि दांडका वाजत नाहीये. बारीक वाजतंय. पाणी उपसायचा डबा आपटावा तसं.”

“दांडका मोडला असेल. काल माझ्या डोक्याऐवजी फळीवर आपटला ना!” साडूने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे हसले.

“एकदा जाऊन बघता का?”

“मी? अगं, मी कालच चोर झालोय. आज दरोडेखोर व्हायचं का?”

“आम्ही गेलो आणि मासा फुटला, तर?” काटेवाल्याने विचारलं. “तू आमची बाजू घेशील?”

नवऱ्याला ती ओळखून होती. तिकडे गेल्यावर तो धडधाकट ठोकत बसलेला निघाला असता, तर घसा सुटल्यावर व्याजासकट तिलाच ऐकावं लागलं असतं. तिने सुई पुन्हा जाळ्यात घातली. दोन गाठी मारल्या. मग जाळं बाजूला सारून उठली.

“वल्ही द्या. मी जाते.”

वल्ही साडूच्या बुडाखाली होती. ओल्या फरशीवर बसायला नको म्हणून त्याने ती आडवी टाकली होती.

“बस गं. धुक्यात वाट चुकशील, मग दोघांना शोधत बसावं लागेल.”

“वल्ही द्या, भावोजी.”

“बरं बाई, एवढा कप संपू दे, मीच जातो. पण त्याने माझं डोकं फोडलं, तर तुझ्या बहिणीला तूच सांग.”

चहा गरम होता. साडू फुंकर मारून प्यायचा, आणि फुंकर मारायलाही त्याला वेळ लागायचा. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

टक. मग बऱ्याच वेळाने, टक.

मग थांबलं.

“घ्या!” साडूने कप खाली ठेवला. “झालं त्याचं काम. आता जाळं ओढत असेल. उगाच मला मरायला पाठवत होतीस.”

शेडखालच्या सगळ्यांनाच बरं वाटलं. काटेवाल्याने पारडं पुसून घेतलं. “इतका वेळ ठोकलंय म्हणजे माल भरपूर असणार,” म्हणत बर्फवाल्याने लादी काढली आणि फोडायला घेतली. साडूने अर्धा कप आणखी मागवला. ती उभीच होती.

ऊन वर आलं, धुकं विरलं, तरी होडी येईना. तेव्हा मात्र साडू कुणी न सांगता उठला. ती त्याच्या आधी होडीत जाऊन बसली होती.

ठोक्याची होडी बुडीत झाडांवर एका अंगाला कलंडून उभी होती. कडेवरून एक हात कोपरापर्यंत आत आलेला. मनगटाला होडीच्या दोरीचा वेढा बसला होता, म्हणून तो बुडाला नव्हता. बोटांखाली डबा पडला होता, त्याची कड चेपून पार आत गेली होती. झाडाच्या शेंड्यात अडकलेलं जाळं सोडवायला तो वाकला असावा. तोल गेला, आणि दोन्ही पाय स्वतःच्याच जाळ्यात गुरफटले. वर चढता येईना, हाक मारायला घसा नाही. हाताला लागला तो डबा. बाकीचं गार पाण्याने केलं.

जाळं मात्र भरलं होतं. इतका वेळ एकाच जागी ठोकल्यावर मासा चहूकडून बाहेर पडला होता आणि त्याच्या पायांभोवती अजून तडफडत होता.

साडूने कमरेची सुरी काढली.

“जाळं कापू नका,” ती म्हणाली. “नवीन आहे.”

ती वाकली आणि पायांचे वेढे बोटांनी एक एक करून सोडवू लागली. मध्ये मासा आला तर तो काढून होडीत टाकायची आणि पुन्हा पायाकडे वळायची. साडूने दोन्ही होड्या धरून ठेवल्या होत्या.

“मी निघालोच होतो गं,” तो म्हणाला. “खरंच निघालो होतो.”

“हो,” ती म्हणाली. “कपच मोठा होता.”

पोलीस लांबून यायचे होते. ते येईपर्यंत काही हलवायचं नाही, असा फोनवर निरोप आला. पण त्याआधीच त्याला शेडमध्ये आणून फरशीवर ठेवलं होतं, आणि ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं. बर्फवाल्याने कुणाला काही विचारलं नाही. सकाळी फोडलेला सगळा बर्फ त्याने टोपलीने आणून ठोक्याच्या दोन्ही बाजूंना लावला. मासळीला उरला नाही. होडीतला माल तसाच उन्हात पडून राहिला आणि दुपारी त्याला वास सुटला, तरी काटेवाल्याने काटा लावला नाही.

साडू शेडच्या खांबाशी उभा होता. वल्ही त्याच्या पायाशी आडवी पडली होती. एकाने बस म्हटलं, दुसऱ्याने पाणी आणून दिलं. त्याने पाणी घेतलं, पण बसला नाही. त्याला इतका वेळ उभं राहिलेलं धक्क्यावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं.