गोड बोलण्याचं दुखणं

औषधाचा चमचा ओठांशी आला की खवट आपलं तोंड फिरवायचा. बायको ते तोंड धरून पुन्हा जागेवर आणायची. मग तो तिच्या माहेराकडे वळायचा.

“तुझ्या भावांनी मला मारायला धाडलंय तुला.”

“मारायचं असतं तर इतकी वर्षं थांबले नसते. आ करा.”

“दिवसातून तीनदा परसाकडे पळतो मी. दुकानापुढं सगळे दात काढतात. धाकटा तर ओरडून सांगतो, दादा निघालाय, वाट सोडा.”

“भावजींच्या तोंडी वाटेशिवाय दुसरं असतं काय? गिळा.”

तो गिळायचा आणि गिळायला लावलं म्हणून तिला शिवी हासडायचा. अशा रीतीने दिवस सुरळीत सुरू व्हायचा.

गाव त्याला खवट म्हणे आणि तोही त्या हाकेला ओ देई. धाकट्या भावाचं रान त्याच्या रानामागे होतं. थोरल्याने आपल्या मक्यातून ट्रॅक्टरपुरती वाट दिली असती तर धाकटा सरळ सडकेला लागला असता. ती नव्हती, म्हणून त्याला ओढ्याला वळसा घालावा लागे. वाटण्या झाल्यापासून धाकटा मागत होता, थोरला नाही म्हणत होता, आणि दोघांच्याही तब्येतीला ते मानवलेलं होतं.

मग थोरल्याचं यकृत सुकलं. दारूला तो कधी शिवला नव्हता. आतल्या पित्तानेच जळालं, असं गावाने निदान केलं. पोट माठासारखं फुगलं, रक्ताची उलटी झाली. शहरातल्या दवाखान्यात मानेच्या शिरेतून तार घालून यकृतात नळी बसवली, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाजूला घेतलं.

“यकृत दगड झालंय. रक्त तुंबत होतं, त्याला आम्ही आडवाट काढून दिली. पण आडवाटेनं गेलेलं रक्त गाळलं जात नाही. आतड्यातलं विष थेट डोक्यात चढतं. म्हणून हे गोड औषध. पोट रोज दोन-तीनदा साफ झालंच पाहिजे. झोपेची गोळी द्यायची नाही, जेवण तोडायचं नाही. दिवसा झोपायला लागले, हात फडफडले, वागणं बदललं, तर लगेच आणा.”

“वागणं बदललं तर आणायचं? बाई, आमचा जन्म गेला त्याचीच वाट बघण्यात.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “बदललं तर आणा.”

मका कमरेला लागला तेव्हा खवटाने जाहीर केलं, की औषध मी माझ्या हातानं घेईन, मी काही तान्हं पोर नाही. रोजच्या झटापटीला बायकोही विटली होती. तिने बाटली त्याच्या उशाशी ठेवली. बाटली नेमाने उतरत होती. एक भांडण कमी झालं. मग दुसरं कमी झालं. भाजीत मीठ राहिलं, तरी तो मुकाट जेवला. दिवसभर खाटेवर डुलक्या, रात्री टक्क जागा.

“मरणाच्या दारातून आलेला माणूस निवळतो गं,” शेजारीण म्हणाली. बायकोला ते पटलं, कारण पटवून घेण्यात सुख होतं.

एका सकाळी ती धार काढून चरवी घेऊन आली, तर अंगणात धाकटा उभा. हातात दोरी, खुंट्या, आणि साक्षीला दोन शेजारी.

“वहिनी, दादा वाट द्यायला तयार झाला.”

“घे रे बाबा,” खाटेवरून खवट म्हणाला. “सगळाच मका घे.” मग बायकोकडे वळून हसला. “अहो, तुम्ही उभ्या का? बसा ना.”

लग्न झाल्यापासून त्याने तिला ‘ए’ याखेरीज हाक मारली नव्हती.

“हात पुढं करा. असे, कुणाला थांबवल्यासारखे.”

त्याने गुणी मुलासारखे हात धरले. पाखराने पंख झटकावेत तसे पंजे फडफडले.

“अशक्तपणा आहे,” धाकटा म्हणाला. “आधी खुंट्या मारून घेऊ.”

इतक्यात कुत्रा लगबगीने गोठ्यामागे गेला, परत आला, पुन्हा गेला. बरेच दिवस त्याचं हेच चाललं होतं. त्याला काहीतरी बाधलंय, असं ती समजत होती.

“अहो, औषध घेता ना?”

“मी कशाला? ह्याला देतो,” खवट कुत्र्याकडे बघून मायेने म्हणाला. “गोड आवडतं त्याला.”

तिने चरवी खाली ठेवली. “भावजी, ट्रॅक्टर काढा.”

“आधी वाटेचं तरी...”

“माणूस शुद्धीवर नाही. आत्ता घेतलेली वाट चोरीची. ह्या दोघांदेखत सांगते. काढा ट्रॅक्टर.”

साक्षीदार आणल्याचा धाकट्याला पश्चात्ताप झाला. “ओढ्याला वळसा घालायचा म्हणजे उशीर होईल,” तो पुटपुटला.

“मक्यातून घाला.”

उभं पीक आडवं करत ट्रॅक्टर सडकेला लागला. मागे ट्रॉलीत खवट प्रत्येक मोडत्या ताटाला हात जोडत होता. ज्या वाटेसाठी धाकट्याने उमर घालवली ती अखेर त्याच्या चाकाखाली आली होती, आणि तिच्यावरून तो ती कायमची घालवायला निघाला होता.

दवाखान्यात खालून एनिमा दिला, वरून तेच गोड औषध पाजलं. तिसऱ्या दिवशी खवटाने डोळे उघडले. वाटेचं काय होतंय ते बघायला धाकटा उशाशी बसला होता.

“हा भामटा इथं कशाला? माझ्या मढ्यावर टपलाय? आणि ए, तू काय तोंड बघतेस?”

“शुद्धीवर आलेले दिसतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पुरते आले,” बायको म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

घरी आल्यावर मक्यातले चाकांचे पट्टे पाहून तो दुपारपर्यंत ओरडत होता. तिने त्याला अडवलं नाही. कुत्रा मात्र औषधाच्या वेळी दावणीला बांधला. आता चमचा तिच्याच हातात असतो. त्याने घोट गिळला, की ती रोज एकच प्रश्न विचारते, “भावजींना वाट द्यायची का?” उत्तर तीन घरं ओलांडून ऐकू जातं. मग ती निश्चिंतपणे कामाला लागते.

परवा कुंपणापलीकडून धाकट्याने ते पुरतं ऐकून घेतलं. त्याच्या आईचा उद्धार झाला, तेव्हा ती आपलीही आई हे खवटाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“वहिनी, कधीतरी हो म्हणेलच की तो.”

“म्हणतील त्या क्षणी तुम्हाला हाक मारते,” ती चमचा धूत म्हणाली. “तुम्ही फक्त ट्रॅक्टर तयार ठेवा.”