ठेंगूचा शेजारी

बाबांच्या पलंगाखाली बावीस वह्या.

राक्षसी तारा नको. ग्रह समोरून गेला तरी उजेड कमी झालेला कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, "दोन महिने. फार तर."

अगदी लगत शेजारी तारा असलेला नको. उजेड नेमका कुणाचा घटला, सांगता येत नाही.

तिची नोकरीच ती. संस्थेची मोठी दुर्बीण कोणत्या ताऱ्यांवर नजर ठेवणार, त्याची यादी करायची. कार्यालयात सगळे तिला चाळणताई म्हणत. यादीबाहेरच्या ताऱ्याचं मोजमाप ठेवलंच जात नसे.

तिचे बाबा चष्मे बनवायचे. स्वतः घासलेल्या आरशाची दुर्बीण गच्चीवर लावून अकरा वर्षं एकाच बुटक्या लाल ताऱ्यामागे लागले होते. एकदा, पाऊण तास, त्याचा उजेड दोन टक्के घटला होता. तिथे ग्रह आहे की नाही, एवढं कळून जायचं होतं त्यांना.

"माझा ठेंगू घेतलास ना गं?"

"नियमात बसत नाही, बाबा. त्याला शेजारी आहे."

"मला तर कधी दिसला नाही."

"तुमच्या आरशातून नाही दिसायचा."

"वा! पोरगी चाळणीवर बसलीय, आणि बापाचाच दाणा बाहेर!" ते हसले. मग बराच वेळ खोकले.

यादी बंद झाली.

पाच आठवड्यांनी ती बाद ताऱ्यांची फेरतपासणी करत होती. ठेंगूचा शेजारी: तोच रंग, तेवढंच तेज. तिने तीस वर्षांपूर्वीचं छायाचित्र ताज्या छायाचित्रावर ठेवलं. ठेंगू जवळचा, म्हणून आकाशात भरभर सरकणारा. जुन्या सूचीतली त्याची जागा संगणकाने दुसरा तारा म्हणून धरली होती, आणि तिने ती तशीच पुढे ढकलली होती. आता तिथे काहीच नव्हतं. ठेंगू स्वतःचाच शेजारी म्हणून बाद झाला होता.

ती धावत साहेबांकडे गेली.

"दुर्बीण कालच तिथून वळली, ताई. आता दोन वर्षांनी. चाळणीतून एखादा दाणा जायचाच."

घरी बाबा उशीला टेकून होते. "तोंड का उतरलंय?"

तिने सांगायला तोंड उघडलं. "काही नाही, बाबा."

"ठेंगूचं मनाला लावून घेऊ नकोस. त्या शेजाऱ्याकडेच बघ कधी तरी. त्याला असेल एखादा ग्रह."

तिने त्यांचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

यादी बंद व्हायच्या नऊ दिवस आधी, जिन्यात तीनदा बसत, बाबा गच्चीवर गेले होते. बाविसाव्या वहीत लिहिलंय: शेजारी शोधला. तिथे कुणीच नाही.