डावा कान

माझा डावा कान लहानपणापासून वाहतो. डॉक्टरांनी कापसाच्या काडीवर पू घेऊन तपासायला पाठवला आणि सांगितलं, जंतूंनी पडदा खाल्लाय, आतली हाडंही पोखरलीत, आता ते औषधालाही दाद देत नाहीत. मी म्हटलं, "या घरात मला न जुमानणारे तेवढेच."

आमच्या ह्यांना मात्र त्या जंतूंचा मोठा आधार. माझ्यावर चिडले की डावीकडे येऊन मनसोक्त कुरकुरायचे, मग उजवीकडे येऊन गोड आवाजात चहा मागायचे. जन्मभर आमचं भांडण म्हणून झालं नाही.

शेवटच्या दुखण्यात ह्यांची खाट भिंतीला लागून होती. मी उशाशी बसले, तर त्यांच्याकडे माझा डावा कान आला. बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिले.

"काढा, काढा मनातली सगळी मळमळ," मी म्हटलं. ते गालातल्या गालात हसले.

मग मी वळून उजवा कान त्यांच्या तोंडापाशी नेला. "बोला आता. चहाच ना?"

त्या कानाला श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

लेक म्हणते, ऑपरेशन करून पडदा बसवून घेऊ. आता कशाला? ह्यांचं शेवटचं बोलणं त्या जंतूंपाशीच राहिलंय.