पाणी चाललं असतं

उद्धवरावांनी आपल्या दुकानाच्या फळीवर अशी थाप मारली की परातीतल्या शेंगा उडाल्या.

"लाव पैज, हिंदुराव! नुसती तोंडाची वाफ दवडू नगंस."

"लावली!" हिंदुरावानं टोपी मागं सारली. "रात्री बारापासनं सकाळी मिस्सा होईस्तोवर ही पोर तोंड मिटून ऱ्हाईल? ही? आरं, ह्या घडीला हिच्या गालात माझ्या घोडीचा अर्धा खुराक हाय."

ही म्हणजे मार्था. औषधाच्या कारखान्यात फिटर असलेल्या शांतवनची आठ वर्षांची लेक. दुकानाच्या पायरीवर बसून ती गूळ-शेंगा खात होती. दोन्ही गाल भरलेले, तिसरी मूठ तयार. चिंचवडच्या गावठाणात तिच्या खाण्याची ख्याती होती. गणपतीच्या प्रसादाला ती तीन रांगांत तीनदा उभी राहिली होती, आणि तिन्ही वेळा वाढणाऱ्यानं तिला ओळखून जास्तीच घातलं होतं.

तिची आई शालनबाई तेलाची बाटली घेऊन उभी होती. पैजेला निमित्त तिनंच दिलं. आठ तारखेला ख्रिस्ती लोकांचा मातेचा सण. पिंपरीच्या सिस्टर लोकांच्या शाळेत मिस्सा, म्हणजे फादरची मोठी प्रार्थना, मग पोरांचे खेळ. बारा पोरींना त्या दिवशी पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा होता, त्यात मार्था. आदल्या रात्री बारानंतर पोटात अन्नाचा कण जाता कामा नये.

"पाणी चालतं," शालनबाई म्हणाली. "दोन वर्षांखाली रोमहून तशी मोकळीक आली. आमच्या वेळी तेही नव्हतं."

"मी ऱ्हाईन," मार्था भरल्या तोंडानं म्हणाली. चार शेंगदाणे खाली सांडले. तिनं ते उचलून, फुंकून, तोंडात टाकले.

दुकान हसलं. हिंदुराव सगळ्यात जास्त हसला. चिंचवड स्टेशनावर टांगा हाकणारा हा पंचेचाळिशीचा गडी गावाला चांगला माहीत होता. मागच्या शिमग्यात त्यानं रंगराव न्हाव्याची खुर्ची पिंपळाच्या शेंड्याला टांगली होती, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी दाढी करायला हा हजर.

तोच रंगराव आता पंच झाला. बोट वर करून त्यानं अट सांगितली.

"पोरीनं आपल्या हातानं खाल्लं तर हिंदुराव जिंकला. न्हाई खाल्लं तर उद्धवराव. कुणी कोंबायचं न्हाई, फशिवायचं न्हाई. जो हारंल त्यानं सणाच्या दिशी शाळेच्या मैदानात, चिल्ल्यापिल्ल्यांसंगं पोत्याच्या शर्यतीत पळायचं. साऱ्या गावादेखत."

"कबूल," उद्धवराव म्हणाले.

"कबूल," हिंदुराव म्हणाला, आणि मार्थाकडं बघून डोळा मारला. तिनं मारला नाही.

आठ तारखेच्या पहाटे शालनबाई अंधारातच निघाली. सिस्टरांना स्वयंपाकात मदत करायची होती. शांतवनची रातपाळी होती, तो कारखान्यातून परस्पर शाळेत येणार होता. पोरीचा पांढरा फ्रॉक धुळीत मळू नये म्हणून हिंदुरावानं आपणहून टांगा देऊ केला, फुकट. शालनबाईच्या मनात एकदा काहीतरी आलं असावं. पण तिनं पदर सावरला आणि म्हणाली,

"भावजी, पोर तुमच्या हवाली करते."

हिंदुरावानं मान डोलावली. टांग्याच्या सीटखाली तांब्याभर पाणी होतं, आणि त्याच्या शेजारी फडक्यात बांधलेला गुळाचा खडा. पिवळाधमक, नवा, आदल्या रात्री उद्धवरावांच्याच दुकानातून घेतलेला. त्यांचाच गूळ घालून त्यांनाच पोत्यात घालायचं, ह्या विचारानं त्याला रात्री नीट झोप आली नव्हती.

मार्था मागच्या सीटवर बसली. मच्छरदाणीच्या कापडाची ओढणी डोक्यावर, हातात मण्यांची माळ. बोलणं नाही, चालणं नाही. ओठ मात्र हलत होते.

सरळ रस्त्यानं अर्धा तास लागला असता. हिंदुरावानं घोडी चिखलीच्या वाटेला घातली.

"काका, हिकडून कुठं?"

"रस्त्यावर डांबर टाकत्यात."

डांबर कुठंच टाकत नव्हते. हिंदुरावानं खिशातून शेंगा काढल्या आणि एकेक टरफल असं कडाकड फोडलं की घोडीनं कान टवकारले.

"काल स्टेशनाम्होरं जिलबी काढीत व्हता," तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "काय सांगू मार्था, पाक कोपरापर्यंत गळत व्हता."

मागून फक्त ओठांचा आवाज.

"जेवलीस का काल?"

"पोटात कसं तरी होत होतं. न्हाई जेवले."

"आरारा. मग तर एक शेंग घ्यायला हरकत न्हाई."

"एक माळ झाली," मार्था म्हणाली. "आता दुसरी."

हिंदुरावानं मागं पाहिलं. पोरीनं डोळे मिटले होते. शेंगांचा वास तिच्यापर्यंत पोचत होता, नाकपुड्या हलत होत्या, पण बोटं मणी सोडत नव्हती. त्याच्या आईनं असेच निर्जळी उपास केले होते. भरल्या चुलीपुढं बसून सगळ्यांना वाढायची, आणि तोंडावर असाच भाव. त्याला ते आठवलं आणि आवडलं नाही. त्यानं उरलेल्या शेंगा खिशात टाकल्या.

हारलो वाटतं, असं त्याच्या मनात आलं. तरी त्यानं घोडी वळवली नाही. अजून एक ओढा होता, एक चढ होता. बघू.

चढावर ओठांचा आवाज थांबला.

त्याला वाटलं, झोपली. वळून पाहिलं तर पोरीचं तोंड फ्रॉकपेक्षा पांढरं. डिसेंबरच्या थंडीत वरच्या ओठावर घाम. आणि बघता बघता ती सीटवरून घसरायला लागली. माळ आधी खाली पडली.

"मार्था! ए पोरी!"

त्यानं लगाम टाकला, उडी मारली, तिला धरलं. मान एका बाजूला लोंबत होती. डोळ्यांत नुसतं पांढरं. आसपास माणूस नाही, नुसती ज्वारी. पोर तुमच्या हवाली करते. हिंदुरावाचा हात सीटखाली गेला. तिथं दोन वस्तू होत्या. हात फडक्यावर पडला. त्यानं दातानं खडा फोडला, तिचा जबडा दाबला आणि तुकडा जिभेवर ठेवला.

"गीळ. गीळ माझे बाय."

गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. थोड्या वेळानं डोळे फिरून जागेवर आले. तोंडात जीभ इकडून तिकडं हलली. हिंदुरावानं सुटकेचा श्वास सोडला आणि हसायला गेला, तेवढ्यात ती त्याच्या हातातल्या फडक्याकडं बघायला लागली.

"गूळ?"

त्यानं फडकं मुठीत दाबलं.

तिनं सीटखालचा तांब्या पाहिला. मग त्याच्याकडं.

"काका, पाणी चाललं असतं."

टांगा पुन्हा चालू झाला. आता तो घोडीला पळवत होता, उगाच. चाबूक त्यानं एरवी कधी इतका वापरला नसेल.

"कुणी बघितलं न्हाई," तो म्हणाला. "मी कुणाला बोलत न्हाई. तू बी बोलू नगंस. चूळ भर."

तिनं चूळ भरली. बाहेर थुंकली. पुन्हा भरली.

"पोटातनं निघत न्हाई," ती म्हणाली.

"मग सिस्टरला सांग, हिंदुरावानं घातला म्हणून. माझं नाव सांग."

मार्थानं मान हलवली. ओढणी सरळ केली.

"आपलं चुकलेलं तेवढंच सांगायचं. दुसऱ्याचं न्हाई. सिस्टरनं शिकवलंय."

हिंदुरावानं पुढं पाहिलं. आपला हात घाबरून गुळावर पडला की पैजेपायी, हे तो चढापासून शाळेपर्यंत स्वतःला विचारत राहिला. घोडीला तेवढं माहीत असतं तर त्यानं तिलाही विचारलं असतं.

शाळेच्या मैदानात मंडप घालून रंगीत कागदांच्या पताका लावल्या होत्या. खडकीच्या फादरची फटफटी कडुनिंबाखाली उभी होती. खेळ बघायला म्हणून चिंचवडचे पाचपन्नास लोक आले होते. शाळेत त्यांचीही पोरं होती. पांढऱ्या फ्रॉकमधल्या अकरा पोरी मेणबत्त्या धरून रांगेत होत्या, बारावीसाठी जागा ठेवली होती.

मार्था टांग्यातून उतरली आणि सरळ मोठ्या सिस्टरकडं गेली. सिस्टर वाकल्या. मार्था काहीतरी बोलली. सिस्टरनी काहीतरी विचारलं. मार्थानं मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मग सिस्टरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्यासाठी ठेवलेली मेणबत्ती परत टोपलीत ठेवली.

अकरा पोरी पुढं जाऊन गुडघ्यांवर बसल्या. मार्था सगळ्यात मागच्या बाकावर एकटी बसली, पांढरा फ्रॉक, पांढरी ओढणी, रिकामे हात. ख्रिस्तप्रसादाची घंटी वाजली तेव्हा मंडपातली प्रत्येक मान एकदा मागं वळली. शांतवन कारखान्यातून तसाच आला होता, हाताला ग्रीस. त्यानं हात पाठीमागं धरले. शालनबाईनं पदर डोळ्यांवर ओढला.

कडुनिंबाखाली कुजबूज झाली.

"खाल्लंच शेवटी."

"हावरी ती हावरीच."

"आयबापानं एवढा फ्रॉक शिवला."

"हारलो गड्या," उद्धवराव हळू म्हणाले. त्यांना हसू येत नव्हतं. "मला वाटलं व्हतं ऱ्हाईल पोरगी."

"जिंकलास, हिंदुराव," रंगराव म्हणाला. "आता बोल की. एरवी तुझं तोंड बंद करायला तोबरा लागतो."

हिंदुरावाच्या ओठांत न पेटवलेली बिडी होती. ती त्यानं चावून चावून मऊ केली.

मिस्सा सुटल्यावर शालनबाई पोरीपुढं जाऊन उभी राहिली.

"काय खाल्लंस?"

"गूळ."

"कुठनं आणलास? कुणी दिला?"

मार्था बुटांच्या बंदांकडं बघत राहिली. शांतवन जवळ आला. तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला,

"घरी गेल्यावर फ्रॉक काढून ठेव. पेटीत घालू."

बाकीच्या पोरींना बशीत केक आणि रव्याचे लाडू मिळाले. मार्थापुढंही बशी ठेवली. तिनं हात लावला नाही. लाडवावर माशी बसली, तीही तिनं हाकलली नाही. दहा पावलांवर हिंदुराव उभा होता. चिंचवडमध्ये कुणी मार्थाला बशीपुढं अशी बसलेली पाहिली नव्हती.

खेळ सुरू झाले. लिंबू-चमचा झाला. तीन पायांची शर्यत झाली. मग सिस्टरांनी पोती आणली, आणि उद्धवराव धोतर खोचून मैदानात उतरले. गावकऱ्यांनी आरोळी ठोकली. नातवंडांच्या वयाच्या पोरांमध्ये तो ढेरपोट्या माणूस पोत्यात एक पाय घालून दुसऱ्यासाठी तोल सांभाळत होता.

"उद्धवराव, धान्य भरल्यावानी भरा!"

"वजन करून घ्या रं आधी!"

हिंदुराव माणसं सारत पुढं आला. त्यानं पोत्याचं तोंड धरलं.

"उतर."

"का रं?"

"उतर म्हणतो ना. मी हारलो."

"आरं, पोरगी मागं बसली की! साऱ्यांनी बघितली."

हिंदुराव रंगरावाकडं वळला. आवाज मात्र त्यानं असा काढला, जसा स्टेशनावर गिऱ्हाइकाला हाळी देताना काढायचा. मंडपापर्यंत गेला.

"रंगराव, अट काय व्हती? आपल्या हातानं. कुणी कोंबायचं न्हाई. तिनं न्हाई खाल्ला. मी कोंबला. चिखलीच्या वाटंनं वळसा घालून मी उशीर केला, उपाशी पोर चक्कर येऊन पडली, मी जबडा दाबून गूळ घातला."

 पोरं पोती धरून त्याच्याकडं बघायला लागली.

शांतवन मैदानाच्या कडेला उभा होता. हिंदुराव त्याच्याकडं बघत बोलायला गेला, जमलं नाही, मग त्याच्या ग्रीसच्या हातांकडं बघून बोलला.

"शिटाखाली पाणी व्हतं, शांतवन. पाणी चाललं असतं."

शांतवनच्या मुठी वळल्या. तो एक पाऊल पुढं आला. मग मागं वळला आणि मंडपात लेकीजवळ जाऊन बसला.  मग त्यानं दोन बोटांनी तिची ओढणी सरळ केली, ग्रीस लागणार नाही अशी.

मोठ्या सिस्टर फादरपाशी गेल्या, परत आल्या, शालनबाईला म्हणाल्या, "फादर आज मुक्कामाला आहेत. उद्या सकाळी सहाला मिस्सा. तिला घेऊन या."

हिंदुरावानं ते ऐकलं. तो अजून पोतं धरून होता.

"वहिनी, पाचला टांगा आणतो. सरळ रस्त्यानं."

उत्तर मार्थानं दिलं. रागानं नाही, जसं दुकानात किती गूळ हवा ते सांगावं तसं.

"नको काका. आमी चालत जाऊ."

हिंदुरावानं मान डोलावली. पोत्यात पाय घातले, कमरेपर्यंत ओढलं, आणि दुसरीच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

शिट्टी वाजली. पोरं बेडकांसारखी सुटली. हिंदुराव दुसऱ्याच उडीला आडवा झाला. टोपी एकीकडं, तो एकीकडं. क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. तो उठला, दोन उड्या मारल्या, परत पडला. मग उद्धवरावांना राहवलं नाही, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळं मैदान फुटलं.

"उठ रं घोड्या!"

"चाबूक आणा कुणीतरी!"

पोरं केव्हाच पोचली होती. मैदानात तो एकटाच राहिला, अर्ध्या वाटेत, मिशीत माती घेऊन. थांबला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यानं पोतं वर ओढलं आणि पुढची उडी मारली.

चुन्याच्या रेघेजवळ पोचता पोचता त्यानं मंडपाकडं पाहिलं. मार्था बाकावर उभी राहून बघत होती. तिची बशी रिकामी होती, शालनबाई तिच्यात आणखी लाडू वाढत होती, आणि मार्थाला हसायचं होतं पण हसता येत नव्हतं. दोन्ही गाल भरलेले होते.